चरबी कमी पडतेय

चरबी हा शब्द आमच्या घरात शिवी नव्हता. हे आधी सांगते, मग बाकीचं. मटण आणलं की आई चरबीचा तुकडा बाजूला काढायची, कढवून बरणीत भरायची, आणि घरात कोणी बाळंतीण असली की तिच्या कालवणात त्यातला चमचा आधी पडायचा. "अंगात चरबी पायजे, तवा पोराला दूध उतरतं," म्हणायची. आम्ही छप्पन सालानंतरचे बौद्ध. घरातले देव गेले, बरणी राहिली. माझा धाकटा भाऊ हेमचंद्र त्याच घरात वाढला, तिथलंच खाऊन बी.एस्सी. झाला. म्हणून तो शब्द त्याच्या तोंडून निघाला तेव्हा त्यात त्याला काही वावगं वाटलंच नाही. पण बाजाराला कोणाच्या आईची बरणी ठाऊक असते?

मी भागीरथी. विठ्ठलवाडीला चाळीत राहायचे, आणि नवरा गेल्यापासून उल्हासनगरला हासानंद सेठच्या बेकरीत कामाला होते. पीठ चाळायचं, पत्र्यांना तेल लावायचं, भट्टीतून आलेले पाव सुटे करायचे. सेठ सिंधी. पावाला डबल म्हणायचा आणि मला अदी, म्हणजे मोठी बहीण. तोंडाचा फटकळ होता, पण मनात ठेवणारा नव्हता. भट्टीवर कोंडाजी, मुरबाडकडचा शेतकरी गडी. पिठाला बोट लावून सांगायचा, चढलंय का नाही ते.

आणि हेमचंद्र अंबरनाथला खमिराच्या कारखान्यात केमिस्ट. पांढरा कोट! आमच्या अख्ख्या भावकीत असला कोट घालणारा पहिलाच. डॉक्टर नव्हता, तरी माझ्याकडे आला की चाळीतल्या बाया त्याला पोरांचा ताप दाखवायच्या, आणि हा येडा खरंच नाडी बघायचा. त्याला समजावून सांगायची भारी हौस. कोणी सहज म्हणावं, "काय करता हो तिथं?" की झालं, समोरच्याचा चहा थंड होईपर्यंत हा सोडायचा नाही. बायको अंजनी म्हणायची, "ह्यांना गप्प बसायचे पैसे मिळत असते तर आम्ही उपाशी मेलो असतो."

दसऱ्याला कारखान्यात मशिनींची पूजा असायची, त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. तेव्हा त्याने मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. आत साबुदाण्यासारखे गोल दाणे, आणि दाण्यांच्या पोटात चमकणारे थेंब.

"हे काय चमकतंय रे?"

"चरबी, आक्का. खमिराची स्वतःची. साखर खातं, हवा घेतं आणि अंगात चरबी बनवतं. जास्तीची पोटात साठवतं. उपासमार आली की तीच मोडून खातं."

मला एका झटक्यात कळलं. इंग्रजी शब्द सांगितला असता तर मान डोलावून घरी आले असते. पण हे कळलं, कारण हे आईचंच बोलणं होतं.

त्याच वर्षी, म्हणजे त्र्याऐंशीला, दिवाळीच्या आसपास आमचा पाव बसायला लागला. कोंडाजी मळून ठेवायचा, वरून ओलं फडकं टाकायचा, आणि पीठ आपलं जिथल्या तिथं. भट्टीतून निघायचा तो पाव नव्हे, दगड. गिऱ्हाईक परत आणून आपटायचं. सेठ पिठाला शिव्या द्यायचा, पाण्याला द्यायचा, कोंडाजीला द्यायचा. शेवटी माझ्यावर आला. "अदी, तेरा भाई उसी कारखाने में है ना? बुला उसको. पूछ, ये क्या माल भेजते हैं."

मला काय, अभिमानच वाटला. माझा भाऊ माझ्या सेठच्या दुकानात येणार, चार माणसांत बोलणार!

रविवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खमिराची वडी हातात घेतली, मोडली, वास घेतला, कोमट पाण्यात साखर घालून त्यात विरघळवली आणि वाट बघत बसला. फेस येईना. मग मान हलवली आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सेठ, तुमच्या पिठाचा दोष नाही. ह्या मालात चरबी कमी पडतेय."

सेठ गल्ल्यावर होता, समोर गिऱ्हाइकं उभी. "क्या कम पड़ रहा है?"

"चरबी. खमीर जिवंत असतं, सेठ. त्याच्या अंगाभोवतीचा पापुद्राच मुळी चरबीचा. आमच्याकडे टाकीत त्याला खालून हवा मारतात, कारण हवा असेल तरच त्याला ती नीट बनवता येते. तुमच्या पिठात हवा कुठली? मळताना शिरते तेवढीच, ती लगेच संपते. मग ते घरून आणलेल्या शिदोरीवर दिवस काढतं. एका दाण्याला दुसरा फुटतो, तेव्हा आई आपल्या अंगातली चरबी लेकीला वाटून देते. लेकीला लेक झाली की ती त्यातली वाटून देते. मुळात शिदोरीच कमी असली तर पापुद्रा विरत जातो, दाणे मरतात. पाव कोण फुगवणार? आमचा एक कॉम्प्रेसर बंद आहे. हवा कमी म्हणून चरबी कमी. मी साहेबांना सांगितलंय, पण दुरुस्त करतील तेव्हा खरं."

काय सुरेख सांगितलं होतं! मी तर पत्रा हातात धरून ऐकत राहिले. ऐकणारी मात्र मी एकटीच होते. सेठ फोनवर गेला, गिऱ्हाइकं आली तशी गेली. कोंडाजी तेवढा कपाळाला आठ्या घालून उभा.

"म्हंजी केमिस्टसायेब, आपल्या पावात चरबी जाती?"

"जाते ना मामा, पण इतकीशीच," असं म्हणून हेमचंद्र हसला.

आता ते दिवस कसले होते ते सांगायला हवं. पेपर उघडला की एकच बोंब, वनस्पती तुपात जनावराची चरबी मिसळतात म्हणून. लोक हॉटेलात भजी खाईनात, घरातले तुपाचे डबे गटारात ओतत होते. कोणी मिठाई दिली तर आधी वास घ्यायचे. जो तो संशयाने पेटलेला, आणि माझा विद्वान भाऊ भर दुकानात सांगतो, चरबी कमी पडतेय!

कोंडाजी वाईट माणूस नव्हता. तो टपरीवर चहा प्यायला गेला आणि ऐकलं तेवढं बोलला. आमच्या खमिरात चरबी घालतात, सध्या जरा कमी घालतात म्हणून पाव बसतो, कंपनीचा केमिस्ट स्वतः बोलला. टपरीवरून ते कापडबाजारात गेलं, तिथून फर्निचरवाल्यांत, तिथून देवळाच्या पायरीवर. ध चा मा व्हायला कुठे वेळ लागतो? तिथे पोचेस्तोवर ती चरबी गायीची झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पत्रे लावत होतो तेव्हाच लोक आले. सिंधी होते, मराठी होते, भैये होते. खोटं कशाला बोलू, आमच्या चाळीतलेही दोघे-तिघे होते. काचेचं कपाट फोडलं, पाव रस्त्यावर फेकले, खमिराचा खोका गटारात. कोंडाजीच्या पाठीत त्याचंच लाकडी फावडं बसलं. सेठ हात जोडून ओरडत होता, "अरे भाई, मैं तो खुद शाकाहारी हूँ!" त्याच्या तोंडावर कोणी थुंकलं. आणि गर्दीतून एकच मागणी, "वो केमिस्ट को बुलाओ! चरबीवाले को बुलाओ!"

दुकान गेलं असतं तर दुसरं दुकान बघितलं असतं. पण माझा भाऊ! ह्यांच्या हातात सापडला तर ते त्याला जिवंत सोडायचे नाहीत, आणि सापडला नाही तर कंपनी सोडायची नाही. झालंही तसंच. दुपारपर्यंत बाकीच्या बेकऱ्यांनीही माल परत पाठवला, आणि संध्याकाळी मी अंबरनाथला त्याच्या खोलीवर गेले तर कंपनीचा मॅनेजर माझ्या आधी येऊन बसलेला.

"रोकडे," मॅनेजर गोड आवाजात सांगत होता, "तुम्ही नुसतं यायचं, बेकरीच्या ओट्यावर उभं राहायचं आणि एक वाक्य बोलायचं. खमिरात चरबी नसते, माझं चुकलं. बस्स. तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही, हा माझा शब्द. आणि ते कॉम्प्रेसरचं वगैरे काढू नका. लोकांना ते कळत नाही."

तो गेल्यावर हेमचंद्र खाली मान घालून बसला. अंजनी चुलीपाशी रडत होती.

"आक्का, असते गं चरबी. मी स्वतः काढून मोजतो रोज."

"असू दे की! तुझं काय जातंय नाही म्हणायला?"

"आपण रोज पंचशील म्हणतो. मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार नाही."

"शील पोटाला घालतं का रे?" माझं डोकंच फिरलं. "एवढा शिकलास आणि कुठे काय बोलावं ते कळत नाही तुला? आ बैल मुझे मार! ते लोक ज्याला चरबी म्हणतात ती तर नाहीच ना त्यात? मग नाही म्हण, मोकळा हो!"

त्याने मान वर केली. मग म्हणाला, "मी सांगतो त्यांना. जनावराची नाही, खमिराची स्वतःची आहे, एवढंच सांगतो. तिळात तेल असतं तशी. तीळ खातातच ना लोक? नीट सांगितलं की कळतं, आक्का. कोणालाही कळतं."

हीच त्याची खोड. नीट सांगितलं की कळतं, ह्यावर त्याची भारी श्रद्धा होती.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर खुर्ची मांडली होती. रस्ता माणसांनी भरलेला. मॅनेजर, सेठ, एक हवालदार आणि मधे हेमचंद्र. मी दाराआडून बघत होते. त्याने हात जोडले आणि शाळेत मास्तर सांगतात तसं सुरू केलं.

"बंधूंनो, खमिरात चरबी असते, पण..."

त्या 'पण'च्या पुढचं कोणी ऐकलंच नाही. 'असते' म्हटल्याबरोबर पुढचे लोक ओट्यावर चढले. पहिली थप्पड बसली तेव्हा चष्मा उडाला. दुसरी कानावर. "शिकून चरबी चढलीय साल्याला!" कोणीतरी ओरडलं आणि त्यावर लोक हसले. हसले हो! शर्टाची कॉलर हातात आली एकाच्या. हवालदार दंडुका आडवा धरून नुसता "ए, ए" करत होता. सेठ रडकुंडीला येऊन म्हणत होता, "बोल दे पुट, बोल दे बेटा, नहीं है बोल दे." मॅनेजर मागून त्याच्या कानात काहीतरी पुटपुटला. हेमचंद्रने मला शोधलं. चष्म्याशिवाय त्याला किती दिसत होतं कोण जाणे, पण त्याने दाराकडे बघितलं, आणि मी दोन्ही हात जोडून मान हलवली. बोल बाबा, बोल.

"नसते," तो म्हणाला. ओठातून रक्त येत होतं. "खमिरात चरबी नसते. मी चुकलो."

टाळ्या! अहो, टाळ्या वाजल्या! मॅनेजरने वडीचा तुकडा तोंडात टाकून दाखवला, त्याला आणखी टाळ्या. गर्दी पांगता पांगता एकजण म्हणाला, "ह्याला पास कोणी केला? सरकारी जावई असणार, दुसरं काय." त्यावर परत हशा. हेमचंद्र वाकून चष्मा शोधत होता. थपडा त्याला लागल्या असतील तेवढ्या लागल्या असतील, पण ते वाक्य ऐकलं तेव्हा त्याचा हात जमिनीवर तसाच थांबला.

मला वाटलं, चला, गेलं संकट. माणूस वाचला, नोकरी वाचली. दवाखान्यात नेलं, ओठाला टाके घातले. कामावर गेला तर मॅनेजरने आत बोलावलं. आवाज तसाच गोड.

"रोकडे, तुम्ही चारचौघांत कबूल केलंत की तुम्हाला खमिरातलं कळत नाही. अशा माणसाला मी लॅबमध्ये कसा बसवू? उद्या बेकरीवाले मला विचारतील."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. बंद कॉम्प्रेसर तसाच राहिला, आणि ज्याने तो बंद आहे म्हणून सांगितलं तो घरी बसला. मी त्या मॅनेजरच्या गेटवर जाऊन नाही नाही ते बोलले. तुमच्या घरावर वीज पडो म्हणाले. वॉचमनने दंड धरून बाहेर काढलं.

हेमचंद्रने अंबरनाथच्या कंपन्या पालथ्या घातल्या, मग बदलापूरच्या. त्याच्या आधी त्याची कीर्ती पोचलेली असायची. "तो चरबीवाला का?" असं म्हणून लोक हसायचे. हसून झालं की जागा नाही सांगायचे. खोलीचं भाडं झेपेना, तेव्हा बदलापुरातच मांजर्लीला खोली घेतली. नदी जवळ, पावसात पाणी शिरतं म्हणून तिथे स्वस्त. लाकडाच्या वखारीवर राखणीचं काम मिळालं. अंजनी पापड लाटायला लागली. आणि तो बोलेनासा झाला. विचारलं तर हो, नाही. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. डोळ्यांत पाणी नाही, राग नाही. मी म्हणायचे, अरे, मला तरी शिव्या दे! तर नुसता बघायचा.

मी मात्र त्याच बेकरीत राहिले. लोक विचारतात, लाज नाही वाटली? वाटली. पण पोटाला लाज भरता येत नाही, आणि सेठने नवं कपाट लावून परत धंदा सुरू केला तेव्हा पहिला निरोप मलाच पाठवला होता.

मग पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात कारखान्यातून नवा केमिस्ट आला. गोरागोमटा, हातात बॅग. सगळ्या बेकऱ्यांत फिरून सांगत होता. त्याने सेठला नवी वडी दिली, कोमट पाण्यात टाकली. फेस ग्लासाच्या वर आला.

"बघितलंत? आधीच्या मालात फॅट कमी पडत होतं. यीस्टला हवा मिळाली नाही तर ते स्वतःचं फॅट बनवू शकत नाही. आता कंपनीने नवा कॉम्प्रेसर बसवलाय."

"अच्छा, फॅट!" सेठ मान डोलावत म्हणाला. "फॅट कम था. बराबर."

कोंडाजीपण मान डोलावतोय. गल्ल्यापुढे गिऱ्हाइकं उभी आहेत, तीही ऐकताहेत, आणि कोणाच्या कपाळावर आठी नाही. एका बाईने तर विचारलं, "फॅटवाला ताजा है ना? दे दो."

माझ्या हातातला पत्रा खाली पडला. मी त्या केमिस्टला नाही, सेठला नाही, कोंडाजीलाच धरलं. "मामा, हेच माझ्या भावाने सांगितलं होतं ना रे इथं उभं राहून? हेच ना? शब्दन् शब्द हेच!"

कोंडाजी बिचारा गोंधळला. खरंच गोंधळला. त्याला त्यात काही सारखं दिसेचना.

"न्हाय गं भागी," तो समजुतीने म्हणाला. "ह्ये फॅट म्हनत्यात. तुजा भाऊ चरबी म्हनला व्हता."

मी तशीच निघाले. पदराला पीठ, पायात चपला आहेत की नाहीत तेही बघितलं नाही. बदलापूरला उतरून मांजर्लीपर्यंत जवळजवळ पळतच गेले. डोक्यात एकच, त्याला सांगायचं. उद्याच त्याला घेऊन कारखान्यात जायचं, त्या नव्या पोराला साक्षीला उभं करायचं, म्हणायचं, द्या ह्याचा कोट परत. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, माझा भाऊ मला परत मिळणार.

तो दारात बसला होता. अंजनी आत पापड वाळत घालत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. नवा केमिस्ट, कॉम्प्रेसर, फेस, सगळं. "तू खरा होतास, हेम! चल, ऊठ! अख्ख्या बाजाराला ओरडून सांगते मी, माझा भाऊ खरा होता, खमिरात चरबी असते!"

तो उठला. मला वाटलं, निघाला. त्याने मला दंडाला धरून आत घेतलं, दार लावलं, कडी घातली, मग खिडकी ओढून घेतली. आणि त्याने माझ्या तोंडावर तळहात ठेवला.

"हळू बोल, आक्का. लोक ऐकतील."

मी त्याचा हात बाजूला केला. "ऐकू देत की! खरं आहे ते!"

"नसते गं," तो म्हणाला. कितीतरी महिन्यांनी तो एवढं बोलत होता, आणि पूर्वी समजावून सांगायचा तसाच, शांतपणे, एकेक शब्द सुटा करून. "खमिरात चरबी नसते. माझी चूक झाली होती. मला नीट येत नव्हतं ते."

"अरे माझ्यापुढे तरी असं बोलू नकोस!"

मी अंजनीकडे बघितलं. ती पापडांवरून नजर उचलेना. "रोज असंच म्हणतात," ती म्हणाली. "झोपेतसुद्धा."

मग मला रडू फुटलं. जमिनीवर बसून मोठ्याने रडले मी, आई गेली तेव्हाही अशी रडले नव्हते. तो माझ्याजवळ बसला. माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्याला माझी काळजी वाटत होती, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"तुला कोणी काही बोललं का बेकरीत? कोणी विचारलं का?" त्याने विचारलं. "विचारलं तर तूही नाहीच म्हण, आक्का. असते म्हणू नकोस. मारतात."

मी हो म्हटलं.